दुधाळ शेळीपालन (मुंबई)

दुधासाठी शेळ्या पाळण्याचा घरगुती व्यवसाय. मुंबईत तो बहुधा दाराशी बांधलेल्या दोन-चार शेळ्यांपुरताच असतो. ‘शेळी’ हा शब्द प्राकृत ‘छेली’वरून आला असावा, ‘बकरी’चा संबंध संस्कृत ‘बर्कर’शी जोडतात.

पाळीव शेळीचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातील बेझोअर रानशेळी. ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी झॅग्रोस डोंगरांच्या परिसरात माणसाळली, असे मानले जाते. पिळदार शिंगांच्या जातींत मारखोर या दुसऱ्या रानशेळीचे रक्त असावे, हे जुने मत आहे. मात्र मारखोरच्या शिंगांचा पीळ पाळीव शेळीच्या पिळाच्या सहसा उलट असतो आणि मातृवंशीय (आईकडून येणाऱ्या) डीएनएचा पुरावाही बेझोअरच्या बाजूने आहे. तेव्हा बेझोअरचेच मत अधिक सयुक्तिक वाटते.

मुंबईच्या संदर्भात गांधीजींचा प्रसंग प्रसिद्ध आहे. १९१९ च्या आरंभी येथे डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. प्रकृती सुधारायला दूध हवे होते, पण ते न पिण्याचे व्रत आड येत होते. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, तर शेळीचे दूध का चालू नये, असा प्रश्न कस्तुरबांनी काढला. गांधीजींनी ते घेतले; पण व्रताचा शब्द राखला, आत्मा दुखावला, ही टोचणी त्यांच्या आत्मकथेत नोंदलेली आहे.

सुरुवात एका शेळीने करू नये. एकटी शेळी ओरडते व चारा टाकते. जातींपैकी जमनापारी दिसायला देखणी, पण तिला मोकळे चरणे मानवते. बांधून पाळण्यास सुरती बरी. उस्मानाबादी मुख्यतः मांसासाठीच. खरेदीपूर्वी समोर धार काढून पाहावी. दूध निघाल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी सैल पडली पाहिजे. टणक राहिली तर ती मांसल असते किंवा आत दाह असतो. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढल्या की दाहाची खूण असलेली दुधातील गुठळी लगेच दिसते. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. करडाला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा.

येथील खरा शत्रू पावसाळी ओल. खूर कुजतात, जंत वाढतात. म्हणून जमिनीपासून उंच, फटी ठेवलेले लाकडी मचाण हवे. आंत्रविषाराची (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस पावसाळ्याआधीच द्यावी. चाऱ्याला सुबाभूळ, वड-पिंपळाचा पाला, तुरीचे भुसकट चालते. भाजीबाजारातील कोबीची पाने थोडीच द्यावीत, नाहीतर पोट फुगते. शेजारी प्रेमाने घालतात त्या शिळ्या भात-चपातीने पोटात आम्लता होऊन शेळी दगावू शकते; प्लास्टिकचा धोका वेगळाच.

बोकड दुभत्या शेळ्यांच्या आसपास ठेवू नये, दुधाला त्याचा उग्र वास लागतो. नर करडे मोठी झाल्यावर बहुधा बकरी ईदच्या सुमारास देवनारच्या बाजारात जातात.