‘शुगर’वाल्यांना टीबी होत नाही?

परळ-लालबागच्या चाळींत अजून ऐकू येतं: टीबी हा उपाशी माणसाचा रोग, मधुमेह खात्यापित्या घरचा, दोन्ही एकाच अंगात कसे येतील?

येतात, आणि मधुमेहींना टीबीचा धोका इतरांपेक्षा साधारण 2 ते 3 पट जास्त असतो. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. त्या जंतूला तुमच्या ताटात श्रीखंड आहे की नुसती भाकरी, याच्याशी घेणंदेणं नाही. (कुपोषणाने धोका वाढतो, हे मात्र खरंच.)

रक्तातली साखर बराच काळ चढी राहिली की जंतूंना गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. मग फुफ्फुसात वर्षानुवर्षं निपचित पडलेला जंतूही उठू शकतो. घोटाळा होतो तो इथेच. वजन उतरलं, थकवा आला, की घरचे म्हणतात, ‘शुगर वाढली असेल.’ खोकला लोकलच्या गर्दीवर आणि मेट्रोच्या धुळीवर ढकलला जातो. उलट टीबीमुळेही साखर वाढते. शिवाय रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करतं, म्हणून दोन्ही डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवाव्यात. आपल्याकडे एकाला लपवून दुसऱ्याला सांगायची भारी हौस!

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा रात्रीचा घाम असेल, तर जवळच्या पालिका दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. टीबी निघाला, तर साखरही तपासून घ्यायची.