जमालगोट्याच्या तेलापासून ‘पीकेसी बीटा’पर्यंत

जमालगोटा आपल्याला ठाऊक असतो तो जालीम रेचक म्हणून. कर्करोगाच्या संशोधकांना मात्र त्याचं तेल ठाऊक होतं ते उंदराच्या कातडीवर गाठी वाढवणारं म्हणून. १९६०च्या दशकात जर्मनीत एरिक हेकर यांनी त्यातलं मूळ द्रव्य वेगळं काढलं: टीपीए, ‘फोर्बोल एस्टर’ नावाच्या रसायनांपैकी एक.

हेच द्रव्य १९७९ मध्ये जोव्हानी रोव्हेरा आणि सहकाऱ्यांनी एचएल-६० पेशींवर घातलं. अमेरिकेत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या ३६ वर्षांच्या एका स्त्रीच्या रक्तातून तयार झालेल्या या पेशी अर्धवट वयातच अडकलेल्या असतात. मोठ्या होत नाहीत, नुसत्या विभागत राहतात. टीपीए मिळताच त्यांचं विभागणं थांबलं, त्या बशीच्या तळाला चिकटल्या आणि मॅक्रोफेजसारख्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पक्व पेशींसारख्या, दिसू-वागू लागल्या. डीएमएसओ किंवा रेटिनॉइक आम्ल ही दुसरी रसायनं दिली, तर त्याच पेशी ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या वाटेला लागतात. कातडीवर गाठ वाढवणारं द्रव्य ल्युकेमियाच्या पेशीला शहाणं करतं, हे कोडं मला आजही थक्क करतं.

उत्तराचा धागा जपानमध्ये होता. कोबे विद्यापीठात यासुतोमी निशिझुका यांच्या गटाने १९७७ मध्ये प्रोटीन कायनेज सी, म्हणजे पीकेसी, हे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम शोधलं होतं. शरीराचा स्वतःचा निरोप्या, डायअसिलग्लिसरॉल, त्याला क्षणभर जागं करून विरून जातो. टीपीए त्याच जागी बसतं, पण हटत नाही, हे १९८२ मध्ये कळलं. इतका वेळ जागं राहिलेलं एन्झाइम पेशी शेवटी मोडून टाकते. मग पेशी पक्व होते ती एन्झाइम चाललं म्हणून, की संपलं म्हणून?

हा वाद नुसत्या एकूण मोजमापाने मिटणारा नव्हता. १९८६ मध्ये पीकेसीची जनुकं हाती आली, तेव्हा पीकेसी एकटं नसून अल्फा, बीटा, गॅमा अशी भावंडं आहेत हे दिसलं. पुढे कुटुंब दहाच्या आसपास गेलं. तोवर मोजलेले आकडे म्हणजे सगळ्यांची बेरीज होती. प्रत्येक भावंडाला वेगळं ओळखून चिकटणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, आल्यावरच कोण वाढतं, कोण घटतं, कोण पेशीकेंद्राकडे सरकतं, हे वेगवेगळं पाहता आलं.

एलिझर ह्युबरमन यांच्या गटाकडे एचएल-६०पासूनच निघालेल्या एचएल-५२५ नावाच्या पेशी होत्या. टीपीएला दाद न देणाऱ्या या पेशींत बीटा फारच कमी होतं. १९९४ मध्ये त्यांनी त्यांत बीटाचं जनुक परत घातलं, आणि टीपीए देताच त्या पुन्हा मॅक्रोफेज होऊ लागल्या.