पाच वाक्यांचं पत्र आणि ओपिऑइडची गोळी

अमेरिकेत ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गातल्या वेदनाशामक औषधांच्या, व्यसनाने माणसं गेली त्या प्रकरणाबद्दल वाचायला घेतलं की पर्ड्यू फार्मा ही कंपनी, तिची ऑक्सीकॉन्टिन ही ओपिऑइडची गोळी, फेंटानिल हे फार तीव्र ओपिऑइड, ही नावं लगेच समोर येतात, पण जरा मागे गेलं की एक पत्र हाती लागतं. पाच वाक्यं, शंभरेक शब्द, १० जानेवारी १९८० चं, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे संपादकाला लिहिलेलं.

लिहिणारे बोस्टनचे डॉ. हर्शेल जिक आणि त्यांची सहकारी जेन पोर्टर. जिक यांचं काम वेदनेवर नव्हतंच मुळी, हॉस्पिटलमधे ॲडमिट पेशंटना कोणती औषधं दिली आणि त्यांचा काय त्रास झाला याची ते नोंद ठेवायचे. त्या फायलींमधल्या ३९,९४६ पेशंटपैकी ११,८८२ जणांना निदान एकदा तरी अफूवर्गातलं औषध मिळालं होतं, आणि आधी व्यसन नसलेल्यांत नीट नोंद झालेली व्यसनाची उदाहरणं किती, तर फक्त ४. बस्स, एवढंच पत्रात होतं. डिस्चार्जनंतर काय झालं, किती दिवस औषध दिलं, यातलं काहीच नाही, कारण तो त्यांचा प्रश्नच नव्हता.

आता त्या काळात डॉक्टर मॉर्फिनला इतके घाबरायचे की कॅन्सरचे पेशंट तळमळत जायचे. (आपल्याकडे हे वेगळ्या वाटेने झालं, १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या परवान्यांच्या कटकटीमुळे अनेक हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवेनाशीच झाली, २०१४ ला दुरुस्ती करावी लागली.) त्यामुळे भीती कमी करायला हवी असं म्हणणारे लोक चुकीचे नव्हते, हे आधी सांगून ठेवतो. घोळ पुढे झाला. १९८६ मधे रसेल पोर्टेनॉय आणि कॅथलीन फोली या वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी कॅन्सर नसलेल्या ३८ पेशंटवर पेपर लिहिला की दीर्घकाळ ओपिऑइड देणं सुरक्षित असू शकतं. ३८ म्हणजे किती, एक एसटी भरेल एवढे! पण पाठदुखी, गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने गोळ्या द्यायचा रस्ता इथून मोकळा होत गेला, आणि जिकचं पत्र सोबत आधाराला. २००१ मधे टाइम साप्ताहिकाने तर त्याला लँडमार्क स्टडी म्हटलं, म्हणजे पाच वाक्यांचा चक्क अभ्यास झाला.

१९९६ मधे ऑक्सीकॉन्टिन बाजारात आलं. गोळी हळूहळू विरघळते, त्यामुळे गैरवापर कमी होईल असं मानलं जातं, असं वाक्य खुद्द मान्यताप्राप्त लेबलवर होतं. विक्री प्रतिनिधी डॉक्टरांना सांगायचे की व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी. विक्री ४.८ कोटी डॉलरवरून २००० पर्यंत १०० कोटींच्या वर गेली. गोळी चुरडली की सगळा डोस एकदम मिळतो हे लोकांना लवकरच कळलं. २००७ मधे चुकीची माहिती देऊन औषध विकल्याचा गुन्हा कंपनीने कबूल केला, कंपनी आणि तीन अधिकारी मिळून ६३ कोटी डॉलरच्या आसपास भरले. नंतर २०१० मधे गोळी चुरडायला कठीण केली तर बरेच लोक हेरॉइनकडे वळले, मग फेंटानिल आलं, आणि २०२१ या एका वर्षात तिथे ओव्हरडोसने लाखावर माणसं गेली, त्यातली बहुतेक ओपिऑइडने.

जिकच्या पत्राचा कुठे, कसा वापर झाला याचा हिशोब टोरांटोचे संशोधक डेव्हिड जुरलिंक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मधे केला. ६०८ ठिकाणी उल्लेख सापडले, त्यातल्या ४३९ जणांनी व्यसन दुर्मिळ असतं याचा पुरावा म्हणून ते वापरलेलं, आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी हे पेशंट हॉस्पिटलमधले होते हे सांगितलंच नव्हतं. मला वाटतं बहुतेकांनी पत्र उघडून पाहिलंही नसेल, दुसऱ्याच्या संदर्भयादीतून उचललं असेल. जर्नलने मग त्या जुन्या पत्रावर इशाऱ्याची टीप लावली. जिक यांनाही आपल्या पत्राचा असा वापर झाल्याची फार खंत वाटली.

मूळ प्रश्न, की जुनाट पाठदुखीला, झिजलेल्या गुडघ्याला या गोळ्या वर्षभर खरंच उपयोगी पडतात का, तो नीट तपासून २०१८ मधे छापला गेला, म्हणजे ऑक्सीकॉन्टिन येऊन २२ वर्षं झाल्यावर. डॉ. एरिन क्रेब्स यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात माजी सैनिकांचे दवाखाने निवडले, २४० पेशंट, अर्ध्यांना ओपिऑइड, अर्ध्यांना पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेनसारख्या औषधांपासून सुरुवात. वर्षाअखेर रोजच्या हालचालीत दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि वेदना दुसऱ्या गटाची थोडी कमीच होती.