मलबा दळला म्हणजे सिमेंट परत मिळतं का?

नागपूरच्या महाल भागात आमच्या शेजारचं जुनं घर मागच्या आठवड्यात पाडलं. ट्रॉलीत मलबा भरताना काका म्हणाले, "आता हे दळून परत सिमेंट बनवतात ना?" हे इतक्या जणांकडून ऐकलंय की लिहूनच टाकतो.

नाही बनत. घोळ सुरू होतो "सिमेंट सुकतं" या शब्दापासून. सिमेंट सुकत नाही, पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन घट्ट होतं, म्हणून तर नागपूरच्या मे महिन्यात आपण स्लॅबवर पाणी साठवून तराई करतो, सुकवायचंच असतं तर पाणी कशाला मारलं असतं? सिमेंटच्या कणातलं कॅल्शियम सिलिकेट पाण्यात विरघळतं आणि त्यातून कॅल्शियम-सिलिकेट-हायड्रेट तयार होतं, त्याचं बारीक जाळं वाढत वाढत एकमेकांत गुंततं आणि रेती-गिट्टीला धरून ठेवतं, आणि ते पाणी आता त्या पदार्थाचाच भाग झालेलं असतं. भाकरी कुस्करून पीठ मिळत नाही, तसंच हे. परत सिमेंट करायला भट्टीच लागते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये स्टीलच्या इलेक्ट्रिक भट्टीत जुनं सिमेंट टाकून ते करून दाखवलंय, पण आपल्या क्रशरमधून निघते ती गिट्टीच.

मग ती गिट्टी बेकार का? तसंही नाही. आपल्या नेहमीच्या गिट्टीचा काळा दगड पाणी फारसं पीत नाही, पण या गिट्टीला सिमेंट-रेतीचा जुना मसाला चिकटलेला असतो, त्यात बारीक छिद्रं, म्हणून ती मिक्समधलं पाणी ओढून घेते आणि माल लवकर घट्ट होतो. आधी भिजवून घेतली की बराच प्रश्न सुटतो. आयएस ३८३ म्हणजे रेती-गिट्टीचं भारतीय मानक, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत एम२५ पर्यंतच्या (एम म्हणजे कॉंक्रीटच्या मजबुतीचा दर्जा) आरसीसीत मोठ्या गिट्टीपैकी २० टक्के अशी चालते, एम१५ च्या खालच्या कामात तर १०० टक्के.

जुन्या घराचा मलबा नव्या घरात लावला की दोष लागतो म्हणतात, त्यात काही तथ्य नाही, छिद्रांना वास्तुशास्त्र कळत नाही. आणि रिसायकल कॉंक्रीट म्हणजे प्रदूषण शून्य, ही जाहिरातही खोटी. गिट्टी जुनी असली तरी सिमेंट नवंच लागतं, ते चुनखडी भाजून बनतं, आणि १ टन शुद्ध चुनखडी भाजली की ४४० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कोळशाचा धूर वेगळाच. वाचतो तो गिट्टीसाठी फोडला जाणारा डोंगर.

खरा त्रास भेसळीचा. काकांच्या ढिगात विटा, टाइल्स, पीओपी सगळं एकत्र होतं, आणि पीओपी म्हणजे जिप्सम, त्यातलं सल्फेट नव्या कॉंक्रीटला आतून फुगवून तडे पाडू शकतं. ठेकेदाराला सांगून स्लॅबचे तुकडे तेवढे वेगळ्या ट्रॉलीत भरून घेतले.