गाल तीन मिलिमीटर उचलला तर

अमेरिकेत वसंत ऋतूत रानटर्कीच्या शिकारीला जाणारा माणूस उजाडण्यापूर्वीच एखाद्या जाड बुंध्याला पाठ टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतो. नर समोर येईल याची शाश्वती नसते. तो बाजूने आला, तर बसल्या जागी अंग पिळून, मान वाकडी करून नेम धरावा लागतो. नेमही फक्त डोक्यावर आणि मानेवर धरायचा असतो, कारण अंगावरची दाट पिसे आणि छातीचे जाड स्नायू छऱ्यांना अडवतात.

छऱ्यांची बंदूक म्हणजे अंदाजे रोखली तरी चालते, हा समज येथे उपयोगी पडत नाही. टर्कीसाठीच्या नळीच्या तोंडाशी अतिशय अरुंद चोक, म्हणजे तोंड आवळणारा तुकडा, बसवलेला असतो. त्यामुळे वीस यार्डांवरही छऱ्यांचा झुबका फारसा पसरत नाही, आणि नेम थोडा जरी चुकला तरी बार वाया जातो. त्यावरचा एक उपाय म्हणजे नळीवर बसवायची लाल ठिपक्याची दर्शिका, म्हणजे नेम धरायचे छोटे उपकरण.

जुन्या पद्धतीत नळीच्या टोकाला फक्त एक माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक मणी, असते; मागची माशी म्हणजे नेमबाजाचा डोळा. डोळ्यापासून माशीपर्यंत साधारण ९० सेंटिमीटर अंतर धरले आणि खांद्याला टेकवलेल्या दस्त्यावरचा गाल केवळ ३ मिलिमीटर वर उचलला गेला, तर ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, बार तब्बल १२ सेंटिमीटर वर जातो. वाकड्या मानेने बसलेल्या माणसाचा गाल इतका उचलला जाणे अगदी स्वाभाविक आहे.

लाल ठिपक्याची दर्शिका नेमकी हीच चूक खाऊन टाकते. तिच्यात एक बारीक एलईडी असतो आणि समोर किंचित वक्र काच असते. काचेवरच्या पातळ लेपामुळे लाल प्रकाश मागे फिरतो आणि बाकीचा आरपार जातो. म्हणूनच तिच्यातून पाहिलेले रान जरासे निळसर दिसते. एलईडी या वक्र आरशाच्या नाभीपाशी बसवलेला असल्याने परावर्तित किरण एकमेकांना समांतर होऊन डोळ्यात शिरतात आणि ठिपका काचेवर नव्हे, तर अनंत अंतरावर असल्यासारखा दिसतो. डोळा ३ मिलिमीटर सरकला तर ठिपका काचेच्या चौकटीत सरकलेला दिसतो, पण त्याची दिशा बदलत नाही. त्यामुळे आदर्श दर्शिकेत लक्ष्यावरची चूकही ३ मिलिमीटरच राहते, मग लक्ष्य कितीही दूर असो. चाळिशी लागलेल्यांना आणखी एक सोय होते: जवळची माशी आणि दूरचा पक्षी अशी डोळ्यांची ओढाताण उरत नाही.

ही कल्पना मुळात दुर्बिणी घडवणाऱ्याची. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये तिचे पेटंट घेतले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतली, पुढे १९१२ मध्ये कोडाईकनालला गेलेली २० इंची दुर्बीण याच ग्रब यांच्या कारखान्यातली. बॅटरीवरचा ठिपका मात्र १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बाजारात आणला.

दर्शिका नळीवर घट्ट कसली म्हणजे नेम जुळला, असे होत नाही. आधी हलकी, स्वस्त काडतुसे वापरून जवळच्या अंतरावरून बार कागदावर आणतात. मग बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, शिकारीला नेणार तेच काडतूस ४० यार्डांवर उडवतात. एका बारावर विसंबू नये. दोन-तीन वेगवेगळ्या कागदांवर झुबक्याचा मध्य शोधावा. येथे एखादे भोक मोजायचे नसते, शेकडो भोकांचा मध्य डोळ्यांनी ठरवायचा असतो, आणि माझ्या मते खरी कसोटी तीच. दर्शिकेच्या स्क्रूचा एक क्लिक एक कोनीय मिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) असेल, तर या अंतरावर तो बार सुमारे १ सेंटिमीटर सरकवतो. झुबका ९ सेंटिमीटर डावीकडे पडत असेल, तर उजवीकडे आठ-नऊ क्लिक द्यायचे आणि पुन्हा कोरा कागद लावायचा.

एवढे झाल्यावर एक बार दहा यार्डांवरही उडवून पाहावा. दर्शिका नळीच्या मध्यापासून सुमारे ४ सेंटिमीटर उंच असेल, तर ४० यार्डांवर जुळवलेली बंदूक इतक्या जवळ ठिपक्याच्या साधारण दीड-दोन सेंटिमीटर खाली मारते. तिथे झुबका जेमतेम मुठीएवढा असल्याने हे दीड-दोन सेंटिमीटर कागदावर स्पष्ट दिसतात.