बटण सोडलं की मोटर थांबलीच पाहिजे

माजलगावच्या धरणात एकट्यानं जाळं टाकणाऱ्या माणसाला दोन हात पुरत नाहीत. सिंदफणेच्या या पाण्यावर दुपारनंतर वारा सुटतो आणि नाव आडवी व्हायला लागते. जाळं सोडावं तर वल्हं सुटतं, वल्हं धरावं तर नाव स्वतःच्याच जाळ्यावर चढते. जोडीदार घ्यावा तर मासळीत त्याचा वाटा द्यावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका मामांनी यावर उपाय म्हणून जुनी ट्रोलिंग मोटर आणली आणि सरळ माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवली. ‘‘शेतातली मोटर घरी बसून मोबाइलवर चालू करत्यात, मग ही का व्हायची नाही?’’

मामांचा प्रश्न बरोबर होता. ट्रोलिंग म्हणजे गळ पाण्यात सोडून नाव अगदी संथ पुढं नेत मासा धरणं. त्यासाठी केलेली ही विजेची मोटर: एक लांब दांडा, खाली पाण्यात बुडणारी बंद डबीतली मोटर आणि तिचा पंखा, वर वेग बदलायची मूठ. आवाज जवळजवळ नाही, धूर नाही. वाऱ्यात नाव सावरायला ती पुरेशी आहे. नावेच्या मागच्या टोकाला ती बसते आणि जाळं सोडणारा माणूस पुढच्या टोकाला असतो. मधलं अंतर चार मीटर. मला एवढं अंतर बिनतारी करायचं होतं.

शेतातल्या मोटरीचा अनुभव इथं एका बाबतीत फसवतो. विहिरीवरची ५ हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपियर घेते. मामांची ५५ पौंड जोराची, म्हणजे सुमारे २५ किलोचा धक्का देणारी मोटर एका हॉर्सपॉवरचीही नाही. तरी पूर्ण वेगात ती ५० अँपियर ओढते. कारण साधं आहे. ताकद म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर. बॅटरी फक्त १२ व्होल्टची, तेव्हा ६०० वॅट हवे असतील तर प्रवाह ५० अँपियर वाहणारच. वायर, फ्यूज, रिले (थोड्या विजेनं मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) हे सगळं मोटरीच्या आकाराकडं न बघता या ५० अँपियरकडं बघून निवडावं लागतं.

वायरीचा हिशोब करून बघा. बॅटरीपासून मोटरीपर्यंत जाऊन-येऊन ६ मीटर तांब्याची वायर धरू. घरातल्या प्लगची अडीच स्क्वेअर एमएमची वायर वापरली तर ५० अँपियरला दोन व्होल्ट वायरीतच जिरतात. म्हणजे शंभर वॅट, घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, पायाखालच्या वायरीत. तीच वायर १६ स्क्वेअर एमएमची घेतली तर फक्त एक तृतीयांश व्होल्ट, म्हणजे सुमारे ०.३ व्होल्ट जातो. वायर महाग आहे हे मान्य, पण इथं काटकसर करू नये.

मी ती केली होती. घरात पडलेली चार स्क्वेअर एमएमची वायर होती, मामांची बॅटरी इन्व्हर्टरमधून काढलेली, चार-पाच वर्षं वापरलेली होती. बाजारात मिळतो तसा ४३३ मेगाहर्ट्झचा रिमोट आणला, त्याच्या रिसीव्हरवरच्या, म्हणजे रिमोटचा इशारा ऐकणाऱ्या डब्यातल्या, रिलेवर ‘३० अँपियर’ छापलेलं होतं. पूर्ण वेगात मोटर चालवायची नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेगालाच लावायची, मग ३० पुरतात, असा माझा हिशोब. धरणाच्या कडेला, गुडघाभर पाण्यात, मामांनी बटण दाबलं. डब्यातून टर्रर्र आवाज आला, बेडूक ओरडावा तसा, आणि पंखा फिरायला लागला. मामांनी बटण सोडलं. पंखा फिरतच राहिला.

‘‘सर, बटन सोडलं की म्या! तरी पळायलीय ही!’’

नाव पुढं निघाली होती आणि पुढं जाळं होतं. मी पाण्यातून तसाच नावेला धरून आत वाकलो आणि बॅटरीची वायर ओढून काढली. तेव्हा कुठं ती थांबली. जाळ्याची एक दोरी पंख्याला गुंडाळली गेली, तेवढ्यावर निभावलं. मामांचा हात त्या दोरीत असता तर?

रात्री डबा उघडला. रिलेच्या आतले दोन ठिपके एकमेकांना चिकटले होते, वेल्डिंग केल्यासारखे. त्या टर्रर्र आवाजाचा उलगडाही तिथंच झाला. थांबलेली मोटर सुरू होते त्या क्षणी ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. जुनी बॅटरी आणि बारीक वायर, त्यामुळं मोटरीच्या टोकाला व्होल्टेज दाणकन खाली यायचं. मी रिसीव्हरला वीज त्याच टोकावरून दिली होती. मग व्होल्टेज पडलं की रिसीव्हर झोपायचा. तो झोपला की रिले सुटायचा. रिले सुटला की मोटर बंद, व्होल्टेज परत वर. रिसीव्हर जागा व्हायचा, बटण अजून दाबलेलंच, पुन्हा रिले लागायचा. सेकंदात अनेकदा. प्रत्येक वेळी त्या ठिपक्यांमध्ये ठिणगी, आणि शेवटी ठिपके वितळून एक झाले. त्यानंतर रिमोट काहीही सांगो, ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी बांधणी बदलली. छोट्या रिलेनं मोटर चालवायचीच नाही. त्यानं फक्त एका मोठ्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे दणकट रिलेची, कॉईल (वीज मिळाली की ठिपके जुळवणारं तारेचं वेटोळं) चालवायची आणि ५० अँपियर त्या कॉन्टॅक्टरनं पेलायचे. विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये हेच असतं, पण तो इथं लावू नका. तो एसीचा, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या लाईनच्या विजेचा आहे. एसीचा प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगी आपोआप विझते. डीसीची, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची, ठिणगी रेंगाळते. ट्रॅक्टरच्या सेल्फचा सोलेनॉइडही (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरीचा जाड स्विच) गावात पटकन सुचतो. तो काही सेकंदांसाठीच बनलेला असतो, सतत लावून ठेवला तर त्याची कॉईल जळते. हवा तो १२ व्होल्ट डीसीचा, सतत चालणारा कॉन्टॅक्टर. रिसीव्हरची वीज आता वेगळ्या बारीक वायरनं थेट बॅटरीच्या बोल्टवरून घेतली आणि वाटेत एक डायोड व एक मोठा कपॅसिटर टाकला. व्होल्टेज क्षणभर पडलं तर कपॅसिटरमध्ये साठलेली वीज रिसीव्हरला तेवढा क्षण तारून नेते, आणि डायोडमुळं ती उलटी मोटरीकडं पळून जात नाही. बॅटरीच्या बोल्टपासून वीतभर अंतरावर ६० अँपियरचा ब्रेकर बसवला. जलपर्णीत पंखा अडकला की प्रवाह बेसुमार वाढतो, तेव्हा तोच वाचवतो. डबा मात्र बॅटरीच्या पेटीत ठेवला नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि कॉन्टॅक्टरमध्ये ठिणगी असते.

मोटर मागं फिरवणं मी रिमोटवर घेतलंच नाही. त्याला दोन कॉन्टॅक्टर लागतात, आणि ते दोन्ही चुकून एकदम लागले तर बॅटरी सरळ शॉर्ट होते. मूठ हातानं फिरवणं परवडलं.

रेडिओचा भाग त्या मानानं सोपा आहे. ४३३ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६९ सेंटीमीटर लांब असते, म्हणून रिसीव्हरची अँटेना तिच्या चौथाईएवढी, १७ सेंटीमीटरची सरळ तार. ती गुंडाळून डब्यात कोंबू नये. रिमोटमध्ये २० बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा २० खुणांचा संकेत असतो, म्हणजे दहा लाखांहून जास्त वेगवेगळे संकेत शक्य आहेत; शेजारच्या नावेचा रिमोट आपली मोटर चालवेल ही भीती फारशी नाही. खरा त्रास मोटरीचा स्वतःचाच. तिच्या कार्बन ब्रशवर सतत बारीक ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी हे एक छोटं, बेसूर आकाशवाणी केंद्र असतं. वीज चमकली की मीडियम वेव्हचा रेडिओ खरखरतो, तीच गोष्ट. पाण्यात बुडणारी मोटर उघडून आत काही करायला जाऊ नका, तिची सील गेली की मोटर गेली. मी तिच्या वायरींवर फेराइटचं, म्हणजे अशी खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचं, कडं चढवलं आणि अँटेना त्या वायरींपासून दूर, उभी केली.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रश्न. रिमोटचा संकेत येणं बंद झालं तर मोटरीनं काय करायचं? रिसीव्हरमध्ये दोन पद्धती असतात. एकीत एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. दुसरीत दाबून धरलं तोवरच चालू. पहिली सोयीची वाटते. पण रिमोट पाण्यात पडला, सेल संपला, माणूसच पाण्यात पडला, तर पहिल्या पद्धतीत नाव निघून जाते. दुसऱ्या पद्धतीत शांतता म्हणजेच ‘थांब’.

विशेष म्हणजे रेडिओनं चालवलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक नावच होती. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात छोटी नाव बिनतारी फिरवून दाखवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. तिच्यात एक इशारा आला की आतली चकती एक घर पुढं सरकायची आणि पुढचा इशारा येईपर्यंत नाव तेच करत राहायची. हौदात ते चाललं. धरणात ते चालत नाही. आपल्या विहिरीवरचा स्टार्टर या बाबतीत शहाणा आहे: लाईट गेली की त्याची कॉईल सुटते आणि लाईट आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय तो लागत नाही. त्याला ऑटो स्विच लावून हा शहाणपणा काढून घेतल्यावर, मोटरीला हात घातलेला असताना लाईट आली तर काय होतं, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

तरीही कॉन्टॅक्टर कधीतरी चिकटू शकतो, म्हणून मामांच्या मनगटाला एक दोरी आहे. तिचं दुसरं टोक मुख्य लाईनवरच्या तोडणाऱ्या किल्लीला. मामा पाण्यात गेले तर किल्ली ओढली जाते आणि बॅटरी सुटते, मधे कुठलाच रेडिओ नाही.

आता रोज पहाटे, नाव लोटण्याआधी, मामा मोटर पाण्यावर उचलून धरतात. बटण दाबतात: टक, पंखा फिरतो. बटण सोडतात: टक, पंखा संथ होत थांबतो. मग रिमोट दाबून धरूनच दोरी ओढतात आणि पंखा पुन्हा थांबलेला बघतात. किल्ली परत बसवतात, रिमोट गळ्यात घालतात आणि जाळं उचलतात.