ऑइल सील हे बूच नव्हे

गेल्या पावसाळ्यात माझी जुनी मोटरसायकल तीन महिने पडवीत उभी होती. दसऱ्याच्या सुमारास ती पुन्हा वापरात आली आणि तेव्हापासून सारवलेल्या खळ्यात रोज सकाळी तिच्याखाली रुपयाएवढा काळा डाग दिसू लागला. फिरता शाफ्ट, म्हणजे दांडा, इंजिनातून जिथे बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारी रबराची कडी म्हणजे ऑइल सील; देवगडच्या बाजारातून आणून ते दोनदा बदलले. दोन्ही वेळा आठवडाभर सारे कोरडे राहिले आणि मग डाग पुन्हा हजर झाला. शेजारच्या काकूंनी गाडीला दृष्ट लागल्याचे निदान करून लिंबू-मिरची बांधायला सांगितली. पुतण्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली, तीत एक लहानशी बाटली इंजिनात ओतताच कोणतीही गळती कायमची थांबत होती. या दोन उपायांपैकी लिंबू-मिरची मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती निदान इंजिनाच्या आत जात नाही. अशा बाटल्यांमध्ये बहुधा रबर फुगवणारी आणि मऊ करणारी रसायने असतात. वयाने कडक झालेल्या सीलला त्यांचा काही काळ उपयोग होऊही शकतो, परंतु माझे सील तर नवे कोरे होते.

नवे सीलही गळत असेल, तर सील म्हणजे काय याविषयीची आपली समजूतच तपासून पाहावी लागते. बाटलीला जसे बूच, तसे इंजिनाला सील, अशी ती समजूत आहे. परंतु बूच स्थिर असते, आणि ज्या शाफ्टवर मोटरसायकलचे पुढचे चेन स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, बसते तो फिरता असतो. माझ्या गाडीचा वेग ताशी 50 किलोमीटर असताना हा शाफ्ट मिनिटाला सुमारे 1300 फेरे घेतो. रबर बुचासारखे घट्ट आवळून कोरडे ठेवले, तर घर्षणाने तापून ते थोड्याच वेळात करपेल. त्यामुळे रबर आणि पोलाद यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असावाच लागतो. मग जिथे ऑइलचा थर आहे, तिथून ऑइल बाहेर का येत नाही?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला बराच काळ गेला. आरंभी अशी सील चामड्याची असत. 1930 च्या दशकात त्यांत कृत्रिम रबर आले आणि काम चांगले होऊ लागले, पण ते का होते हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. 1957 मध्ये जॅगर या ब्रिटिश संशोधकाने दाखवून दिले, की सीलची कडा, म्हणजे त्याचा ओठ, शाफ्टवर कोरडा घासत नसून ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. या पापुद्र्याची जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी असते. पुढे 1970 च्या दशकाच्या अखेरीस जपानी संशोधकांनी प्रयोगांनी स्पष्ट केले, की चांगले सील ऑइल नुसते अडवत नाही, तर बाहेर निघालेले ऑइल उलट आत ढकलते. सील हा एक पंप आहे.

या पंपाची रचना मला फार मोहक वाटते. सीलच्या ओठाचे दोन उतार सारखे नसतात: ऑइलच्या बाजूचा उतार उभा, सुमारे 40 ते 60 अंशांचा, तर हवेच्या बाजूचा निवांत, 20 ते 30 अंशांचा असतो. ओठ शाफ्टला जिथे टेकतो तो पट्टा नव्या सीलमध्ये जेमतेम 0.1 ते 0.2 मिलिमीटर रुंद असतो, आणि उतार असमान असल्यामुळे या पट्ट्यातील सर्वाधिक दाबाची रेषा मध्यावर न पडता ऑइलकडे सरकलेली असते. रबराच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात. शाफ्ट फिरू लागला की तो रबराला आपल्याबरोबर ओढतो; जिथे दाब जास्त तिथे ओढ जास्त, म्हणून हे उंचवटे सरळ न राहता तिरपे होतात. होडीतील तिरप्या धरलेल्या वल्ह्यांसारखे ते ऑइलला बाजूला सारू लागतात. दाबरेषेच्या हवेकडील उंचवटे ऑइल आत ढकलतात आणि ऑइलकडील उंचवटे ते बाहेर ढकलतात. परंतु रेषा एका बाजूला असल्यामुळे हवेकडचा पट्टा रुंद आहे, तिथे वल्ही जास्त आहेत, आणि एकूण प्रवाह इंजिनाच्या आत जातो. सील उलटे बसवले तर हाच पंप इमानेइतबारे इंजिन रिकामे करू लागतो. म्हणून ज्या बाजूला बारीक वळ्यांची गोल स्प्रिंग दिसते, ती बाजू आत ठेवायची असते. गाडी उभी असताना पंप बंद असतो आणि ऑइल केवळ रबराची पकड व पृष्ठताण यांवर थांबते.

हे समजल्यावर माझ्या दोन फसलेल्या दुरुस्त्यांचा उलगडा झाला. माझ्या गाडीत सीलचा ओठ शाफ्टवर चढवलेल्या ज्या पोलादी कॉलरवर, म्हणजे आखूड नळीवर, टेकतो, ती मी दोन्ही वेळा पॉलिश पेपरने घासली होती, आणि घासताना हात पुढे-मागे हलवला होता. त्यामुळे कॉलरवर मळसूत्रासारखे तिरपे ओरखडे उठले. कॉलर मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेऊ लागली, की असे ओरखडे स्वतःच पंप बनतात, आणि त्यांची दिशा प्रतिकूल असेल तर ते सीलच्या पंपाला सहज हरवतात. कारखान्यात म्हणूनच ही जागा अक्षाच्या दिशेने न सरकता घासली जाते. कोरडेपणाचा तो एक आठवडा नव्या, ताठ रबराचा असावा.

शिवाय कॉलरवर नखाला जाणवेल अशी खाच होती. मऊ रबर कठीण पोलाद कापते कसे? ते स्वतः कापत नाही. धुळीचे कण रबरात रुतून बसतात आणि रबर पॉलिश पेपर बनते. आपल्याकडे तर कारण घरचेच आहे: जांभ्याच्या लाल मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, आणि सोनार दागिन्यांना चमक आणण्यासाठी वापरतात ती लाल पूडही आयर्न ऑक्साइडचीच. त्यात खाऱ्या, दमट हवेत तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या कॉलरवर ओठाच्या कडेशी गंज धरतो आणि पहिल्याच फेरीत तो ओठाखाली येतो.

तिसऱ्या खेपेला मी आधी गळतीचे मूळ शोधले. ऑइलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असल्यामुळे ते धातूवर दूरवर पसरते, आणि डाग पडतो तिथेच गळती असते असे नाही. रॉकेल मिळेनासे झाल्यामुळे इंजिन डिझेलने धुतले, कोरडे केले, त्यावर टाल्कम पावडर शिंपडली आणि विजयदुर्गच्या रस्त्याला थोडी फेरी मारून आलो. पावडर दोन जागी भिजली होती: सीलच्या ओठाशी आणि कॉलर व शाफ्ट यांच्या सांध्यात. कॉलरच्या आत एक लहान ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, असते. ती चपटी झाली, तर बाहेरचे सील सोन्याचे असले तरी ऑइल आतल्या वाटेने येते. ती मी एकदाही बदलली नव्हती.

इंजिनाची ब्रीदर नळीही पाहिली. पिस्टनच्या कडेने थोडे वायू खाली निसटतातच आणि ते या नळीने बाहेर पडतात. नळी तुंबली तर आत दाब साठतो, आणि साधे ऑइल सील 0.3 ते 0.5 बारपेक्षा (एक बार म्हणजे जवळपास हवेचा नेहमीचा दाब) जास्त दाबासाठी बनवलेले नसते. माझ्या नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर बांधून जवळपास दार लावून घेतले होते.

पुढचे काम दोन तासांचे होते. इंजिन थंड असताना ऑइल काढले. हे जळके ऑइल वाशांना फासण्याची पद्धत मला ठाऊक आहे, पण पावसात ते धुपून पऱ्यात आणि विहिरीत जाते, म्हणून ते कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात दिले. लॉक पट्टी सरळ करून स्प्रॉकेट काढले, कॉलर आणि ओ-रिंग नवी घातली. शाफ्टच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळली, कारण नवा ओठ आत सरकवताना हे दात त्याला कापतात, आणि ही चूक बाहेरून कधीच दिसत नाही. ओठाला ऑइलचे बोट लावले आणि पाइपाच्या तुकड्याने सील सर्व बाजूंनी सारखे दाबत बसवले. कॉलर नवी मिळाली नसती, तर सील एक मिलिमीटर कमी खोल बसवून ओठ खाचेबाहेरच्या कोऱ्या जागेवर आणता आला असता.

त्यानंतर पाच आठवडे खळे कोरडे आहे. परवा स्प्रॉकेटचे कव्हर काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा ओठाच्या कडेशी ओलाव्याची केसाएवढी चकाकती रेष दिसली. ती मी पुसली नाही.